दातांच्या डॉक्टरची भीती कशी निभावलीत? अनुभव लिहा

गेल्या मंगळवारी अकरा वर्षांनी मी दातांच्या दवाखान्याची पायरी चढले. मधल्या काळात डाव्या बाजूने भाकरीचा तुकडा चावला नाही, गार पाणी प्यायले नाही. ठणका सोसवायचा, पण त्या खुर्चीचा विचार सोसवायचा नाही.

आठवीत असताना माझी दाढ नीट बधिर व्हायच्या आतच काढायला घेतली होती. मी किंचाळले तर डॉक्टर म्हणाले, "एवढी घोडी झालीस आणि रडतेस काय!" ठणका दोन दिवसांत गेला. ते वाक्य मात्र अपॉइंटमेंटसाठी फोन हातात घेतला की कानात यायचं.

या वेळी फोनवरच सांगून टाकलं की मला फार भीती वाटते. डॉक्टरबाई खुर्ची आडवी करण्याआधी समोर स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "नेमकी कशाची?" असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग ठरलं, मी डावा हात वर केला की त्या थांबणार. मशीन सुरू झालं आणि मिनिटभरात, काही दुखत नसताना, मी हात वर केला. खरंच थांबतात का ते बघायचं होतं. आवाज लगेच बंद झाला, मशीन तोंडातून बाहेर आलं, "बोला" म्हणाल्या. मी चूळ भरली आणि पुन्हा आडवी झाले. नंतर चाळीस मिनिटं हात उचलावा लागला नाही.

आणखी एक. त्यांनी आधीच सांगितलं होतं, "इंजेक्शननंतर दोन-तीन मिनिटं छाती धडधडेल. बधिरपणा टिकावा म्हणून औषधात अ‍ॅड्रेनलिन असतं, त्याने होतं ते." तसंच झालं आणि ओसरलं. ठाऊक नसतं तर मी उठून घरी आले असते.

तुमचं कसं झालं, कशाने निभावलं? बारीकसारीकही लिहा.

*

मी स्वतः डेंटिस्ट आहे, म्हणून ताई, तुमच्या आठवीतल्या दाढेबद्दल आधी लिहिते. सूज किंवा पू असेल तिथे आम्लता वाढलेली असते आणि बधिर करायचं औषध नीट लागत नाही. पेशंट "दुखतंय" म्हणतो तेव्हा त्याला खरंच दुखत असतं. अशा वेळी दुसऱ्या जागी इंजेक्शन द्यावं, थोडं थांबावं, किंवा आधी सूज उतरवावी. तुम्हाला रागावण्याचं काहीच कारण नव्हतं.

घाबरणाऱ्यांना मी सकाळची पहिली वेळ देते. दिवसभर वाट बघत बसलं की भीती वाढत जाते. आणि पोटभर खाऊन या. उपाशीपोटी येणाऱ्यांनाच बहुधा भोवळ येते.

*

माझे सासरे चार महिने लवंगेच्या तेलाचा बोळा धरून बसले. कारण एकच, वरचा दात काढला की नजर जाते असं गावात सगळेच म्हणतात. शेवटी गाल सुजला तेव्हा नेलं. डॉक्टरांनी आरसा दिला, कवटीचं चित्र दाखवलं, दाताची नस कुठून जाते आणि डोळ्याने दिसतं ती नस कुठली, हे बोट ठेवून समजावलं. अण्णा म्हणाले, "हे आधी सांगितलं असतं तर आधी आलो असतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा सगळा पेपर वाचला आणि मला हाक मारून सांगितलं.

*

मला सुईचं काही वाटत नाही, पण माप घ्यायचा साचा तोंडात गेला की उबळ येते. डॉक्टरांनी नाकाने श्वास घ्यायला आणि उजवा पाय जरासा उचलून धरायला सांगितलं. पाय धरून ठेवण्यात लक्ष गेलं आणि साचा निघालासुद्धा.

*

माझी भीती बिलाची होती. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे गेलो. केसपेपरची रांग लागते, विद्यार्थी काम करतात म्हणून वेळही लागतो. पण मला त्याचाच फायदा झाला. सर येऊन विचारायचे, "आता काय करणार? का?" आणि तो मुलगा माझ्या डोक्यावरून सगळं मोठ्याने सांगायचा. पुढचं पाऊल कुठलं ते मला त्याच्या उत्तरातून कळत राहिलं. गप्प राहून काम करणाऱ्या डॉक्टरांकडे मला तसा धीर आला नव्हता.

*

लेक पाच वर्षांची. आमच्याकडे "दंगा केलास तर डॉक्टरकाका सुई देतील" हे सर्रास म्हटलं जायचं, मीही म्हणायचे. आता त्याचं फार वाईट वाटतं. बालदंतरोग डॉक्टरांनी आधी तिच्या नखावर हवेची फुंकर सोडली, मग पाणी, मग म्हणाले, "आता हेच दाताला." तिने स्वतःहून तोंड उघडलं. घरी आल्यावर आजीच्या नखावर फुंकर घालून "दुखलं का?" विचारत होती.

*

माझी भीती गेलेली नाही. मोठी बहीण सोबत येते, आत पायाशी उभी राहते आणि माझा अंगठा धरते. गेल्या वर्षी दोन्ही अक्कलदाढा तशाच काढल्या. पुढच्या गुरुवारी दात साफ करून घ्यायचे आहेत. तिने रजा टाकली आहे.