मद्रासहून सापडलेली सिल्व्हिया

कुणी म्हणेल की एकोणिसाव्या शतकातले लघुग्रह सगळे युरोप-अमेरिकेतूनच सापडले. नाही हो! १६ मे १८६६ ला ८७ सिल्व्हिया हा लघुग्रह सापडला तो मद्रासच्या वेधशाळेतून. शोधक नॉर्मन पॉगसन. (ताऱ्यांच्या प्रती म्हणजे तेजाच्या पायऱ्या; लागोपाठच्या दोन प्रतींमध्ये तेजाचा २.५१२ पट फरक ठरवणारा तोच हा.) त्याआधी १८६१ मध्ये त्याने तिथूनच ६७ एशिया शोधला होता, नावातच आलं सगळं.

तेव्हा लघुग्रह शोधायला फोटोग्राफी वापरत नव्हते. दुर्बिणीतून दिसणारा ताऱ्यांचा तुकडा नकाशाशी ताडून बघायचा, एखादा ठिपका जास्तीचा वाटला की पुढच्या रात्री तो सरकलाय का ते पाहायचं. मद्रासच्या मे महिन्यात, घामाघूम होऊन!

सिल्व्हिया मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, सूर्यापासून सुमारे ३.५ खगोलीय एकक (म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या साडेतीनपट) अंतरावर फिरतो. लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या वर, आकार बटाट्यासारखा, रंग कोळशाच्या जवळपास. स्वतःभोवती गिरकी फक्त ५ तास ११ मिनिटांत.

खरी गंमत त्याच्या चंद्रांची. २००१ मध्ये रोम्युलस सापडला, २००४ मध्ये रेमस. दोन चंद्र असलेला हा पहिलाच माहीत झालेला लघुग्रह. चंद्रांच्या कक्षांवरून वस्तुमान काढता आलं आणि घनता निघाली पाण्याच्या दीडपटीहूनही कमी. अखंड कातळ असता तर ती अडीच-तीनपट भरली असती. म्हणजे आत बऱ्याच पोकळ्या असणार, बहुधा बर्फही.