एएमसी (वर्षभराचा देखभालीचा करार) कधी संपतेय हे फ्रॉडवाल्याला सांगतं कोण?

घोडबंदरकर:
गेल्या महिन्यात बाबांना फोन आला, बाबा ७४ वर्षांचे. "काका, तुमच्या वॉटर प्युरिफायरची एएमसी १४ तारखेला संपतेय, आज रिन्यू केलीत तर फिल्टर फ्री." कासारवडवलीचा पत्ता बरोबर, मॉडेल बरोबर, मागच्या खेपेला मेंब्रेन (पाणी गाळणारा आतला पडदा) बदललं होतं तेही बरोबर. बाबांनी लिंक उघडून ३,२०० भरले, माणूस काही आलाच नाही. कंपनीत विचारलं तर म्हणे आमच्याकडून असा फोन गेलेलाच नाही. मग मेंब्रेनचं त्याला कळलं कुठून? ते माहीत होतं आम्हाला, सर्व्हिसला आलेल्या मुलाला आणि त्यांच्या कंप्युटरला, बस. माझं सरळ म्हणणं आहे की ही माहिती आतून जाते, आणि नातेवाईक मात्र बाबांनाच सुनावतायत की अनोळखी लिंक उघडायची नसते. अहो, अनोळखी वाटावं असं त्या फोनमध्ये होतं काय?

नेरुळची मावशी:
बाबांचं ऐकून वाईट वाटलं, पण सगळं खापर कंपनीवर फोडणं मला नाही पटत. नंबर आपणच वाटत फिरतो. मॉलमधल्या लकी ड्रॉचं कुपन, प्रदर्शनातला फॉर्म, झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेलं आधार, जे नंतर डिलीट केलं का हे आपण विचारतही नाही. आणि दुसरं म्हणजे नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला की वरच खोटा नंबर दिसतो, आपण स्वतःच फोन लावतो, नाव पत्ता मॉडेल तक्रार सगळं सांगून मोकळे होतो. माझ्या जावेचं गीझरच्या बाबतीत हेच झालं. तिला कोणी शोधत आलं नव्हतं, तीच गेली होती. बाबांनी असा नंबर शोधला नव्हता ना, हे आधी बघा.

घोडबंदरकर:
बाबा नेटवर काही शोधत नाहीत. फ्रिजला स्टिकर लावलाय, त्यावरचाच नंबर फिरवतात.

महापे नाइटशिफ्ट:
मी दोन वर्षं कॉलिंगमध्ये होतो, लोनच्या लीड, म्हणजे कर्ज घेतील अशा लोकांना फोन लावायचे. रोज सकाळी एक्सेल शीट यायची, नाव, नंबर, पिनकोड, कधी कधी पगारसुद्धा. ती आली कुठून हे विचारायची पद्धतच नव्हती. मोठ्या ऑफिसात मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, पण छोट्या फ्रँचायझीत कोण बघतं, स्क्रीनचा फोटो काढायला दोन सेकंद लागतात. शिवाय एका यादीत सगळं असावंच लागत नाही. फ्लॅट रजिस्टर झाला की इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदणीच्या सरकारी उताऱ्यात, नाव आणि पत्ता कोणालाही दिसतो, नंबर नसतो. नंबर दुसऱ्या यादीतून घेतात आणि जोडतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये सायबराबाद पोलिसांनी एकाला पकडलं त्याच्याकडे ६६.९ कोटी लोकांचा आणि संस्थांचा डेटा होता, २४ राज्यांतला. एवढं सगळं लकी ड्रॉच्या कुपनांतून गोळा होत नाही हो मावशी.

नेरुळची मावशी:
कोटींचं असेल तसं, मी घरातल्या एका फोनबद्दल बोलतेय. लोकांची माहिती जपायचा कायदा होईल तेव्हा होईल, तोवर बाबांचे पैसे वाचवणार ते बाबाच ना? पैसे मागणारा फोन आला की ठेवायचा आणि आपल्याकडच्या नंबरवर उलटा फोन करायचा, यात कोणाचा दोष काढायचा प्रश्नच येत नाही.

खारघर सेक्टर १२:
कायदा झालाय मावशी, २०२३ लाच. नियम यायला मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू होणार. डेटा नीट सांभाळला नाही तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. दुकानदाराने बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नये असं केंद्राच्या ग्राहक विभागाने २०२३ च्या मे मध्येच सांगितलंय, तरी काउंटरवरचा मुलगा म्हणतो नंबरशिवाय बिल निघत नाही, आणि मागे रांग असते म्हणून आपण देतो. आमच्या गेटवरच्या वहीचंच बघा. सुतळीने पेन बांधलेली वही, नाव, फ्लॅट, मोबाईल, कोणाकडे, पान कायम उघडं. परवा माझ्यासमोर एका मुलाने मागची चार पानं उलटली आणि फोटो काढले, वॉचमन पार्सलं मोजत होता. मी सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणाले मॅडम, सिक्युरिटीसाठीच लिहून घेतो.

महापे नाइटशिफ्ट:
घोडबंदरकर, तो फ्रिजवरचा स्टिकर कोणी लावलाय? कंपनीने का सर्व्हिसच्या मुलाने?

घोडबंदरकर:
आत्ता नखाने उचकटून बघितला. खाली आणखी एक स्टिकर निघाला, कंपनीचा, १८०० चा नंबर असलेला. वरच्यावर लोगो तोच आहे पण नंबर साधा मोबाईल. आई म्हणते मागच्या वर्षी सर्व्हिसला आलेल्या मुलानेच लावला, "काकू, ह्याच्यावर करा, लवकर येतो" म्हणून. म्हणजे वर्षभर बाबा प्रत्येक तक्रार त्या मोबाईलवरच सांगत होते.

नेरुळची मावशी:
मग मी तेच म्हणत होते, कंपनीच्या बाहेरच गेली माहिती, बाबांच्या तोंडूनच.

घोडबंदरकर:
बाहेर कशी? तो मुलगा कंपनीचा टी-शर्ट घालून, कंपनीत केलेल्या तक्रारीवर, कंपनीच्या पावतीसकट आमच्या स्वयंपाकघरात आला होता. बाबांनी १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तक्रार केलीच आहे, आता दोन्ही स्टिकरचे फोटो घेऊन उद्या पोलीस स्टेशनला जातोय.