मदत हवी आहे: पायपरबाईंच्या 'अंगात' नक्की काय यायचं?
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर मला अर्धा तास बोलायचंय. विषय हौसेनं घेतला: बोस्टनच्या लिओनोरा पायपर, म्हणजे तंद्रीत जाऊन मृतांचे निरोप सांगणाऱ्या 'मीडियम', आणि त्यांना तपासणारे मानसशास्त्रज्ञ. आता शब्दांपाशी गाडी अडलीय.

१८८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांचा तान्हा मुलगा गेला. त्याच वर्षी आधी त्यांच्या सासूबाई पायपरबाईंकडे जाऊन आल्या, मग जेम्स स्वतः. बाई तंद्रीत गेल्या की त्यांच्या तोंडून 'फिन्युइट' नावाचा फ्रेंच डॉक्टर बोलायचा. त्याला फ्रेंच मात्र धड यायचं नाही! अशा प्रकारांची छाननी करणाऱ्या रिचर्ड हॉजसननी बाईंच्या मागे गुप्तहेर लावले, लबाडी काही सापडली नाही. १९०५ मध्ये हॉजसन वारले आणि पुढे तेच बाईंमार्फत 'बोलू' लागले. १९०९ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनी या 'हॉजसन'कडे आपल्या मृत भाचीची, बेसी बील्सची, चौकशी केली. तिचे निरोप आले. अशी भाची हॉलना कधी नव्हतीच.

तर अडचण अशी. 'माध्यम' म्हटलं की लोकांना टीव्ही आठवतो. 'अंगात येणं' म्हटलं की मोकळे केस, घुमणं, हळदकुंकू. इथे तर बाई नंतरच्या काळात टेबलावरच्या उशीत डोकं ठेवून नुसत्या हाताने लिहायच्या. 'प्लँचेट' तर वेगळंच. फिन्युइटसारख्या 'कंट्रोल'ला, म्हणजे तंद्रीत बाईंमार्फत बोलणाऱ्याला, काय म्हणू? आणि समोरच्याचा चेहरा, हुंकार वाचत अंदाज फेकण्याला, म्हणजे कोल्ड रीडिंगला? 'खडे टाकून पाहणं' चालेल का?

कुणी मराठीत यावर शिकवलं असेल तर तुम्ही कुठले शब्द वापरता ते कृपया सांगा.