सीटी १४ : महासाथीत वेळेवर कळलेले आणि उशिरा कळलेले (अनुभव धागा)

सायली_विदर्भ

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक दोनशे पानी वही खाली आली आणि तेव्हापासून मन त्याच दिवसांत अडकले आहे. कोरोनाच्या महासाथीत, फेब्रुवारी २०२१ मध्ये, मी विदर्भातल्या एका आरटी-पीसीआर प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. अधिकृत नोंदी संगणकात जात, पण रात्रपाळीत जे लक्षात येई ते मी या वहीत टिपून ठेवत असे. १४ फेब्रुवारीच्या पानावर एवढेच लिहिले आहे : "सीटी १४, १५, १५, १७, १४. यंत्र तपासले. यंत्र ठीक."

नमुन्यातला विषाणूचा अंश दिसू लागेपर्यंत यंत्राला जितकी आवर्तने करावी लागतात, तो आकडा म्हणजे सीटी. प्रत्येक आवर्तनात अंश साधारण दुप्पट होतो, त्यामुळे सीटी १५ आणि सीटी २५ यांच्यात सुमारे हजारपटीचा फरक असतो. डिसेंबरपर्यंत आमच्याकडे इतके खालचे आकडे क्वचित दिसत. त्या आठवड्यात ते एकामागून एक येऊ लागले, तेव्हा आम्हाला प्रथम वाटले की कुठेतरी नमुन्यांत भेसळ झाली आहे. आम्ही पुन्हा चाचणी लावली, सोबत कोरा नमुनाही लावला. कोरा नमुना कोराच राहिला आणि बाकीचे आकडे तसेच आले.

जनुकीय क्रमनिर्धारणासाठी, म्हणजे विषाणूचा प्रकार ओळखण्यासाठी त्याची जनुके अक्षरशः वाचून काढायला, सीटी २५ च्या खालचेच नमुने चालत. गुलाबी द्रावाची ती छोटी नळी घट्ट बंद करायची, झाकणाभोवती पट्टी गुंडाळायची, कापसासकट दुसऱ्या डबीत घालायची आणि मग बर्फाच्या पिशव्यांमध्ये थर्माकोलच्या खोक्यात ठेवायची. गाडी निघून गेली की फाटकापाशी दोन मिनिटे उभे राहायची मला सवय लागली होती. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी लागली. महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत विषाणूच्या जनुकांतले ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल सापडल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्चला सांगितले. विषाणूच्या ज्या कुळात हे बदल आढळत होते, त्यातल्या एका शाखेला 'डेल्टा' हे नाव मिळाले ३१ मे रोजी. वहीतल्या त्या पानापासून त्या नावापर्यंत साडेतीन महिने गेले, आणि मधल्या काळात काय झाले ते तुम्ही सर्वांनी भोगले आहे.

मला आजही एक गोष्ट सलते. आम्ही पाठवलेल्या नमुन्यांत पुढे काय निघाले, हे आम्हाला कोणीही कळवले नाही. वरच्यांना कळत होते की नाही हा वेगळा प्रश्न आहे, पण ज्यांनी पहिल्यांदा पाहिले त्यांच्यापर्यंत उत्तर परत आले नाही. तुमच्या वाट्याला काय वेळेवर आले आणि काय उशिरा, ते कृपया लिहावे.

परिचारिका_नगर

सायलीताई, तुमच्या वहीतली ती ओळ वाचून अंगावर काटा आला, कारण तीच गोष्ट आम्ही वॉर्डात दुसऱ्या टोकाने पाहत होतो. पहिल्या लाटेत घरातला एक माणूस भरती होई आणि बाकीचे खिडकीखालून हात हलवत. मार्च २०२१ नंतर एकाच आडनावाचे चार-चार केसपेपर एका वेळी माझ्या टेबलावर येऊ लागले. सासू एका खोलीत, सून दुसऱ्या खोलीत, मुलगा अजून खाटेची वाट पाहत बाहेर. विषाणू बदलला आहे हे आम्हाला कोणत्याही पत्रकाआधी त्या आडनावांनी सांगितले होते. परंतु आडनावे मोजून वर कळवण्याचा रकाना आमच्या कोणत्याही तक्त्यात नव्हता.

डॉ_अनिरुद्ध

सायलीताईंनी सीटी इतके नीट समजावले म्हणून एक जोडतो. त्या काळात माझ्या दवाखान्यात रोज दोन-तीन नातेवाईक 'सीटी २२ आहे, म्हणजे फुप्फुस गेले का' असे रडवेल्या आवाजात विचारत. आरटी-पीसीआरचा सीटी आणि छातीच्या सीटी स्कॅनचा २५ पैकी दिला जाणारा गुण हे दोन पूर्णपणे वेगळे आकडे आहेत. पहिला जितका कमी तितका विषाणू जास्त, आणि दुसरा जितका जास्त तितका फुप्फुसाचा बाधित भाग जास्त. दोन विरुद्ध दिशांचे आकडे एकाच नावाने लोकांच्या हाती पडले आणि अहवालाच्या कागदावर ते समजावणारी एक ओळही नव्हती. मी शेवटी पुठ्ठ्यावर दोन बाण काढून तो टेबलावर उभा करून ठेवला होता.

मेघना_रीडिंग

मी इंग्लंडमध्ये राहते, त्यामुळे माझा अनुभव थोडा आधीचा आहे. डिसेंबर २०२० मध्ये इथे 'केंटचा विषाणू' हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी होता; पुढे त्याला अल्फा म्हटले गेले. तो ज्या नमुन्यांत प्रथम सापडला ते सप्टेंबरचेच होते. इथे क्रमनिर्धारणाची देशव्यापी व्यवस्था २०२० च्या वसंतातच उभी राहिली होती, म्हणून मागे वळून शोधता तरी आले. तरीही नाताळच्या आठवडाभर आधी लंडनला कडक निर्बंध लागले तेव्हा माझ्या शेजारीण आजी ओट्यावर सगळ्या नातवंडांच्या भेटवस्तू मांडून बसल्या होत्या. शोधता येणे आणि वेळेवर थांबवता येणे यांत किती अंतर असते ते मी त्या ओट्यापाशी पाहिले.

भारतात जनुकीय देखरेखीसाठी 'इन्साकॉग' हा प्रयोगशाळांचा गट त्याच महिन्यात, डिसेंबर २०२० मध्ये, स्थापन झाला. ज्या कुळातून डेल्टा आला त्या बी.१.६१७ चे महाराष्ट्रातले सुरुवातीचे नमुने ऑक्टोबर २०२० चे आहेत. व्यवस्था तीन महिने आधी उभी राहिली असती तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही, कारण एप्रिलमध्ये माझे मामा सोलापुरात गेले आणि मी येऊ शकले नाही.

परिचारिका_नगर

मेघनाताई, तुमच्या मामांबद्दल वाचून फार वाईट वाटले. आमच्या वॉर्डात परदेशातली मुले व्हिडिओ कॉलवर येत, तेव्हा आम्ही फोन रुग्णाच्या कानाशी धरून उभे राहत असू. कोणीतरी त्यांच्याजवळही असेच उभे असेल, असे मला मनापासून वाटते.

मेघना_रीडिंग

धन्यवाद, ताई. हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते.

आशाताई_धाराशिव

मी आशा स्वयंसेविका आहे. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम १५ सप्टेंबर २०२० पासून सुरू झाली आणि आम्ही घरोघर ताप व ऑक्सिजन तपासत फिरलो. माझ्या भागात एका बाईंचा आकडा ८८ आला. घरातले सगळे घाबरले, एकाने तर गाडी काढली. मी पाहिले तर बाईंच्या नखांवर मेंदी होती आणि हात भांड्यांच्या पाण्याने गार पडले होते. हात चोळून, मेंदी नसलेल्या बोटाला यंत्र लावून, एक मिनिट शांत बसवले तेव्हा ९७ आले. उलटही घडले. एक आजोबा मस्त गप्पा मारत होते, चहा घ्या म्हणत होते आणि आकडा ८४ होता. मी तीन बोटे बदलून पाहिली, तिन्हीवर तोच. त्यांना दम लागल्याचे जाणवतच नव्हते. त्या दिवशी गाडी खरोखर काढावी लागली आणि ते वाचले.

आम्हाला प्रशिक्षणात बटण कुठले ते शिकवले, पण बोट कसे निवडायचे ते आम्ही एकमेकींकडून शिकलो. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांनी संप केला, तेव्हा काही लोकांनी नावे ठेवली. एवढे मनापासून सांगते की ज्या बाईने गावातले पहिले आजारपण टिपायचे, तिचा मोबदला वेळेवर देणे हाही विषाणूवर नजर ठेवण्याचाच भाग आहे.

सायली_विदर्भ

ताई, तुमचे शेवटचे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे.

तळोद्याचा_शिक्षक

आमच्या नंदुरबारचा उल्लेख झाल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ नये असे वाटते. त्या वेळचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असताना, सप्टेंबर २०२० मध्ये, जिल्ह्यात हवेतून प्राणवायू तयार करणारा पहिला प्रकल्प उभारला आणि दुसरी लाट येईपर्यंत आणखी उभे राहिले. राज्यात सगळीकडे टँकरची वाट पाहिली जात असताना हा आदिवासी जिल्हा सावरू शकला.

हे किती महत्त्वाचे होते ते मला एका साध्या गणिताने कळले, जे मी नंतर नववीच्या वर्गात घातले. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर प्राणवायू मावतो. रुग्णाला मिनिटाला १५ लिटर लागत असेल तर तो पावणेआठ तास पुरतो. नाकातून वेगाने प्राणवायू देणाऱ्या यंत्रावर मिनिटाला ६० लिटर लागला तर दोन तासही पुरत नाही. मुलांनी भागाकार केला आणि वर्ग एकदम शांत झाला. एका मुलीने विचारले, "सर, मग रात्री सिलिंडर कोण बदलत होतं?" तिचे वडील बदलत होते, हे मला ठाऊक होते आणि तिलाही.

स्वप्नील_क

कोणी रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनबद्दल लिहिणार आहे का? आम्ही तीन दिवस त्यासाठी चार जिल्हे फिरलो आणि अखेरीस मिळाले तेव्हा त्याची गरज उरली नव्हती. मला अधिक लिहिणे जमणार नाही.

डॉ_अनिरुद्ध

स्वप्नील, तुम्ही जे करता आले ते सगळे केले, हे आधी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रुग्णालयातल्या रुग्णांसाठी रेमडेसिविरची शिफारस करू नये असा सल्ला दिला होता, कारण तेव्हाच्या पुराव्यानुसार त्याने मृत्यू टळत असल्याचे दिसत नव्हते. पुढे त्या सल्ल्यात बदल झाले, परंतु एप्रिल २०२१ मध्ये ते औषध न मिळाल्यामुळे तुमचे माणूस गेले, असे कृपया मनात धरू नका. चिठ्ठी लिहिणाऱ्या आम्हा लोकांनी ही गोष्ट नातेवाइकांना तेव्हाच स्पष्ट सांगायला हवी होती.

अश्विनी_सातारा

डॉक्टरांनी चिठ्ठीचा विषय काढला म्हणून लिहिते. माझ्या बाबांना मधुमेह होता. ताप आल्यावर दुसऱ्याच दिवशी आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी त्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्यांचा ऑक्सिजन ९७ होता. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिले होते की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा उपयोग प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांना होतो आणि ज्यांना तो लागत नाही त्यांना होत नाही. बाबांची साखर चारशेच्या वर गेली आणि ती कोणी मोजली नाही. तीन आठवड्यांनी त्यांच्या गालाला बधिरपणा आला, नाकातून काळसर स्राव येऊ लागला आणि म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, निदान झाले. त्यांचा एक डोळा काढावा लागला. ते आज आमच्यात आहेत, रोज सकाळी स्वतःची साखर स्वतः मोजतात आणि ओळखीच्या प्रत्येकाला स्टेरॉइड चालू असताना ती मोजायला लावतात.

विषाणूचा उपप्रकार कोणता होता हे आम्हाला कधीच कळले नाही. कळले असते तरी बाबांच्या बाबतीत उपयोगी पडले असते ते ग्लुकोमीटरच.

लॅबवाला_ठाणे

सायलीताईंच्या उलट, माझी आठवण वेळेवर कळल्याची आहे. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी ओमायक्रॉनला नाव मिळाले आणि ४ डिसेंबरला राज्यातला पहिला रुग्ण कल्याण-डोंबिवलीत सापडल्याचे जाहीर झाले. आमच्याकडचा चाचणी-संच विषाणूच्या जनुकांतली तीन ठिकाणे तपासत असे. ओमायक्रॉनच्या बीए.१ या शाखेत काटा-प्रथिनाच्या जनुकात ६९ आणि ७० या जागांवरचा तुकडाच गळलेला होता, त्यामुळे पडद्यावर दोन वक्र चढत आणि तिसरा सपाट राही. डेल्टात तिन्ही चढत. क्रमनिर्धारणाला अनेक दिवस लागत, पण हा सपाट वक्र त्याच संध्याकाळी दिसे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका पडद्यावर सपाट वक्रांची रांग लागली, तेव्हा आम्ही रात्री नऊ वाजता फोन केला आणि पलीकडच्या अधिकाऱ्यांनी तो उचलला.

एक गोष्ट मात्र अन्यायाची झाली. बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी हे सगळ्या जगाला ताबडतोब सांगितले आणि बक्षीस म्हणून त्यांच्याच देशांची विमाने बंद झाली. पुढच्या वेळी कोणी लवकर सांगावे असे वाटत असेल तर हे विसरून चालणार नाही.

निवृत्त_अभियंता_पुणे

मी मैलापाणी शुद्धीकरणाच्या कामात आयुष्य घालवले आणि आमच्या कामाला कधी कोणी आरोग्यसेवा म्हटले नव्हते. महासाथीत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि इतर संस्थांच्या संशोधकांनी पुण्याच्या सांडपाण्यात कोरोनाचा अंश शोधायला सुरुवात केली. लक्षणे असोत वा नसोत, बाधित माणसांपैकी अनेकांच्या विष्ठेतून विषाणूचे अंश बाहेर पडतात. त्यामुळे ज्यांनी चाचणी केलीच नाही त्यांचाही हिशेब त्या पाण्यात येतो. आता घरच्या घरी चाचणी करून कोणी कळवतही नाही, म्हणून या पद्धतीचे मोल वाढले आहे. नमुना घ्यायला आलेल्या तरुण मुलीने मला विचारले की सकाळचा जोराचा प्रवाह कुठल्या वेळी येतो. ते कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते आमच्या पंपावरच्या माणसाला ठाऊक होते आणि त्याने अचूक सांगितले.

मेघना_रीडिंग

काका, ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर झाल्यावर इथे आणि तिथे सगळीकडे नमुन्यांची संख्या आटली. डिसेंबर २०२३ मध्ये ओमायक्रॉनच्याच वंशातल्या जेएन.१ या उपप्रकाराचा रुग्ण सिंधुदुर्गात सापडल्याची बातमी वाचली तेव्हा मला बरे वाटले होते, कारण अजून कोणीतरी पाहत आहे हे त्यातून कळले.

परिचारिका_नगर

सायलीताई, ती वही कृपया रद्दीत देऊ नका. तुमच्या जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला विचारून पाहा. रुग्णांची नावे असतील ती पाने तेवढी झाकून द्यावीत.

सायली_विदर्भ

नावे एकही नाही, फक्त आकडे आणि तारखा आहेत. उद्याच विचारते. माळ्यावरच्या त्याच पेटीत जुना ऑक्सिमीटरही सापडला, तोही सोबत ठेवला आहे.

आशाताई_धाराशिव

ताई, त्यातले सेल आधी काढा. पडून राहिले की गळतात आणि आतली पट्टी गंजते. माझ्याकडचे दोन तसेच गेले. पट्टी हिरवी झाली असेल तर लिंबाच्या थेंबाने पुसून वाळवा आणि मग नवे सेल घालून बघा.