दक्षिण फ्रान्सच्या घरात शिकलेलं फ्रेंच – तुमचे शब्द सांगा

क्लासमध्ये बी-१ म्हणजे मधल्या लेव्हलपर्यंत शिकून मी लग्नानंतर मोंपेलिएला आले आणि पहिल्याच रविवारी सासूबाईंचं एक वाक्य डोक्यावरून गेलं. नणंदेच्या पोराने ग्रेनादिनचं सरबत सांडलेलं, टेबलाला हात चिकटत होते आणि त्या ओरडल्या, "सा पेग!" डिक्शनरीत बघितलं, नाही. पॅरिसच्या मैत्रिणीला विचारलं, तिलाही माहीत नाही. शेवटी सासरे म्हणाले, अगं हा ऑक्सितानमधला, म्हणजे इथल्या जुन्या भाषेतला शब्द, चिकचिक होतंय एवढंच. आता पुण्याला गेले की ओटा पुसताना मी म्हणते, "आई, इथे पेगतंय गं", तिला बरोब्बर कळतं. तर असे घरातले, स्वयंपाकघरातले, पोरांच्या दप्तरातले शब्द येऊ द्या. व्याकरण नको प्लीज.

तुलूझ
एअरबसच्या कामासाठी आलो. बेकरीत पॅं-ओ-शोकोला, म्हणजे आत चॉकलेट घातलेला गोड पाव, मागितला तर काउंटरमागच्या काकूंनी ऐकूच आलं नाही असं केलं, मग सावकाश "शो-को-ला-तीन" म्हणत तोच हातात ठेवला. वर विचारलं, युन पोश? पोश म्हणजे खिसा हे मला पाठ, म्हणून मी पँटीचा खिसा थोपटून "आहे आहे" म्हटलं. मागची अख्खी लाइन हसली. इथे पोश म्हणजे पिशवी. बायको पाहुण्यांना अजून अॅक्शनसकट सांगते. लेक बालवाडीत जायला लागल्यापासून पॅंला (पाव) "पेंग" आणि दमँला (उद्या) "दमेंग" म्हणते, आणि खरं सांगू, आपल्या रंग-भांग वाल्या तोंडाला हेच सोपं जातं.

मार्सेय, दोन मुलगे
भांडी घासता घासता शिकले मी. पास्वार गाळणी, तोर्शों फडकं, लूश म्हणजे आमटी वाढायचा डाव. तर एकदा थोरला शाळेतून आला आणि नव्या शेजाऱ्याबद्दल म्हणाला, "इल ए लूश." मी म्हटलं माणूस डाव कसा असेल रे? तो हसून गडाबडा लोळला. लूश म्हणजे संशयास्पद, काहीतरी काळंबेरं असलेलापण. रात्री नवऱ्याला सांगताना ट्यूब पेटली की आपल्याकडेही डाव वाढायचा असतो आणि डाव टाकायचाही असतो! हा शब्द मी जन्मात विसरणार नाही. (घरी कोणी नसलं की पोरं "या देगन" म्हणतात, तेही पक्कं मार्सेयचं, वर्गात चालत नाही.)

अविन्यों
माझा नाही, आईचा अनुभव. जुलैत नाशिकहून आलेली, फ्रेंचचा गंध नाही. सकाळी दहाला वारा यावा म्हणून तिने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या तर समोरच्या आजी रस्ता ओलांडून आल्या, "ले व्होले! ले व्होले!" आणि स्वतःच बाहेरची लाकडी झडपं ओढून घेतली. इथे दिवसा झडपं बंद करून अंधार ठेवायचा आणि रात्री गार झालं की उघडायचं. आईला वाटलं आजी भांडतायत. मग समजावलं की २००३ च्या ऑगस्टमध्ये कानिक्यूलने, म्हणजे उष्णतेच्या लाटेने, फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं गेली, त्यात म्हातारी माणसंच जास्त, तेव्हापासून आजी शेजारच्या वयस्करांवर डोळा ठेवून असतात. दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला आई झडपं लावून खिडकीच्या फटीतून आजींना हाक मारतेय, "व्होले, ओके!" महिनाभर दोघींची मैत्री तेवढ्या एका शब्दावर चालली, आणि मी सहा वर्षांत त्या आजींशी बोंजूरच्या पुढे गेले नव्हते.

फक्त आकड्यांबद्दल
क्लासात सगळे रडायचे की सत्तरला साठ-दहा आणि ऐंशीला चार-वीस कशाला. आमची पणजी वय सांगायची "तीन विसा नि धा". मला काय जड गेलं नाही बुवा.

नीस
शब्दापेक्षा पदार्थ. फारीन द पोआ शीश म्हणजे चक्क बेसन, हे कळायला मला वर्ष लागलं, तोवर पॅरिसहून मागवत होते, वेडेपणा नुसता. इथला सोका म्हणजे भट्टीत भाजलेलं बेसनाचं जाड धिरडं. आणि पानिस तर पाटवडीच! पीठ पाण्यात शिजवा, थापा, गार करा, कापा, फक्त हे लोक वर तळतात. सासूबाईंना म्हटलं आमच्याकडे हे पातळ रश्श्यात घालतात, त्यांनी "पशेर!" म्हणून मान हलवली. पशेर म्हणजे बिचारी. पानिसला म्हणाल्या की मला, ते विचारलं नाही.

मोंपेलिए (धागाकर्ती)
नीसवाल्या ताई, पानिसमध्ये लसूण-मिरची घालून बघितलीत का? मी रविवारी करणारे. सासूबाईंना आधी सांगणार नाही.