सान्सुई एयू-७१७ च्या माहितीपत्रकातले ८५ वॅट खरे मानावेत का?

गिरगावकर:
माझे काका जहाजावर नोकरीला होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी परदेशातून आणलेला सान्सुई एयू-७१७ हा ॲम्प्लिफायर आता माझ्याकडे आला आहे. सोबतच्या माहितीपत्रकात दर चॅनेलला फक्त ८५ वॅटचा दावा असून, तोही दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालू, ८ ओमचा भार, २० ते २०,००० हर्ट्झ आणि विकृती (मूळ आवाजात यंत्राने केलेली भेसळ) ०.०२५ टक्क्यांच्या आत, अशा अटींनी बांधलेला आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे मिळणाऱ्या म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर मात्र हजार वॅट सहज छापलेले असत. कोणावर विश्वास ठेवावा? मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट लिहिले आहे, म्हणून मी तो अजून चालू केलेला नाही.

पार्लेकर:
अटींनी बांधलेला आहे, म्हणूनच तो आकडा विश्वासार्ह आहे. अमेरिकेतही पूर्वी ‘म्युझिक पॉवर’, ‘पीक पॉवर’ अशा नावांखाली फुगवलेले वॅट विकले जात असत. ते थांबवण्यासाठी फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या व्यापार-नियामक संस्थेने १९७४ साली नियम लागू केला आणि वॅटचा दावा नेमका कोणत्या अटींसह करायचा हे ठरवून दिले. त्यात मोजणीपूर्वी यंत्र तासभर एक तृतीयांश शक्तीवर चालवण्याची अट होती. ती सौम्य वाटते. परंतु एबी वर्गाच्या (हाय-फायमधल्या नेहमीच्या प्रकारच्या) ॲम्प्लिफायरमधले आउटपुट ट्रान्झिस्टर साधारण याच पातळीला सर्वाधिक तापतात, त्यामुळे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पंखे) अपुरे असतील तर ते येथेच उघडे पडते. आपल्याकडच्या खोक्यांवरच्या हजार वॅटला, म्हणजे ‘पीएमपीओ’ नावाच्या आकड्याला, अशी कोणतीही ठरलेली मोजणी नव्हती.

विकृतीच्या आकड्याने मात्र फार प्रभावित होऊ नये. वॅट फुगवता येईनात, तेव्हा जाहिरातींची चढाओढ दशांश चिन्हापुढच्या शून्यांकडे वळली. ०.०२५ आणि ०.१ टक्के यांतला फरक गाणे ऐकताना कानाला कळत नाही. शिवाय ८५ वॅटऐवजी १०० वॅट असते, तरी आवाजात एका डेसिबलचीही भर पडली नसती. चाळीतल्या खोलीत बहुतेक वेळ एखादा वॅटच वापरला जातो.

जुना दुरुस्तीकार:
तो थेट २३० व्होल्टवर लावू नका. लॅमिंग्टन रोडवर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो. किमान ५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता) घ्या. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब (वीजपुरवठ्याच्या वाटेत जोडलेला साधा तारेचा बल्ब) लावावा, म्हणजे आत काही शॉर्ट असल्यास बल्ब प्रखर पेटून राहील आणि यंत्र वाचेल. स्पीकर जोडण्यापूर्वी आउटपुटवरचा डीसी (एकदिश व्होल्टेज) मोजावा. तो काही मिलिव्होल्टच असायला हवा. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत स्विच आणि रिलेचे संपर्क काळे पडतात, ते साफ करून घ्यावेत. त्या काळच्या बऱ्याच जपानी यंत्रांत मोठे कपॅसिटर गोंदाने चिकटवलेले असत. हा गोंद तपकिरी पडला की शेजारच्या सुट्या भागांचे पाय खातो. तो पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवे भाग बसवू नयेत.

गिरगावकर:
झाकण उघडून पाहिले. गोंद तपकिरीच आहे, आणि एका रोधाचा (रेझिस्टरचा) पाय हिरवा पडला आहे. आधी दुरुस्ती, मग ट्रान्सफॉर्मर. दोघांचेही मनापासून आभार.