थेट निवडलेल्या महापौराच्या हातात बस असते का?

प्रश्न: रात्रपाळी सुटते तेव्हा शेवटची बस हद्दीपाशीच थांबते, पुढचा भाग दुसऱ्या कंपनीचा. महापौर थेट निवडला तर हे सुटेल?

उत्तर: नुसत्या निवडणुकीने नाही, अधिकार हवेत. इंग्लंडमधला दहा पालिकांचा ग्रेटर मँचेस्टर भाग बघा. तिथे १९८६पासून मार्ग आणि भाडं खासगी कंपन्या ठरवायच्या. २०१७च्या कायद्याने महापौराला ते ठरवायची मुभा मिळाली. सप्टेंबर २०२३मध्ये त्यातल्या बोल्टन-विगनकडून महापौराच्या नियंत्रणाखालच्या पिवळ्या बस सुरू झाल्या आणि जानेवारी २०२५पर्यंत दहाही पालिकांत पोचल्या. बस चालवतात कंपन्याच, पण कंत्राटावर. तिकिटाचे पैसे तिथल्या सरकारी वाहतूक प्राधिकरणाकडे. म्हणजे तोट्याची जोखीमही त्याचीच, हे कुणी बोलत नाही!

प्रश्नकर्ता: मग उमेदवाराला आधी रात्रीच्या बसचंच विचारतो.